ग्ल्युक आउफ : जमिनीखालचा रामराम

[काळोख. पाणी ठिबकण्याचा आवाज. दूरवरून एक दिवा हलत येतो.]

जमिनीखाली हजार मीटरवर ना सकाळ, ना संध्याकाळ. तिथे 'शुभ प्रभात' कुणी कुणाला म्हणायचं? समोरून दिवा हलत येतो. दिव्यामागचा चेहरा कोळशाने माखलेला, ओळख पटायच्या आत आवाज येतो, 'ग्ल्युक आउफ!' उत्तरही तेच, 'ग्ल्युक आउफ!' जर्मन खाणकामगारांचा हा रामराम. पाळी लागताना हाच, सुटतानाही हाच.

[बर्फाने झाकलेले डोंगर. जुन्या खाणीचं लाकडी तोंड.]

त्याचं माहेर जर्मनीच्या पूर्वेला, सॅक्सनी प्रांतातल्या एर्त्सगेबिर्गे डोंगरांत. या नावाचा अर्थच मुळी 'धातूंचे डोंगर'. इथे फ्रायबेर्गजवळ 1168 साली चांदी सापडली आणि पुढे कित्येक शतकं माणसं हे डोंगर पोखरत राहिली. चांदीची शीर नेमकी कुठे आहे हे वरून दिसायचं नाही. आठवडेच्या आठवडे छिन्नी-हातोड्याने दगड फोडायचा, आणि शीर लागली नाही की सगळे कष्ट पाण्यात. 'ग्ल्युक' म्हणजे नशीब. 'आउफ' म्हणजे उघडं, आणि वरही. तुझ्यापुढे नवी शीर उघडो, आणि तू सुखरूप वर येवो. दोन शब्दांत पोटाचीही काळजी आहे आणि जिवाचीही.

त्याआधी लोक एकमेकांना 'ग्ल्युक त्सू' म्हणत. पण 'त्सू'चा एक अर्थ 'बंद'. खाणीच्या तोंडाशी उभं राहून तो शब्द कोण उच्चारणार? म्हणून खाणवाल्यांनी तो बदलून घेतला, असं सांगतात. मराठी माणसाला हे वेगळं समजावून द्यायला नको. आपण दुकान बंद करत नाही, 'वाढवतो'. बांगडी फुटली तरी ती 'वाढवली' म्हणतो. दारातून 'जातो' म्हणून निघालं की आई आतून ओरडते, "येतो म्हणावं!"

[जुनी कृष्णधवल छायाचित्रं : लेंगेडे.]

वर येणं किती मोलाचं असतं, ते उत्तर जर्मनीतल्या लेंगेडे गावाने पाहिलं. 24 ऑक्टोबर 1963. तिथल्या लोखंडाच्या खाणीत वरच्या तळ्याचं पाणी घुसलं. आत 129 माणसं होती. 29 परत आली नाहीत. सगळी आशा सुटल्यावर, चौदाव्या दिवशी, अरुंद बोअरमधून सोडलेल्या नळकांड्याएवढ्या पाळण्यातून 11 जण एकामागून एक वर आले.

[रूर. कामगारांचं कपडे बदलण्याचं दालन. कॅमेरा छताकडे.]

हे शब्द डोंगर उतरून पश्चिमेला रूर खोऱ्यात, कोळशाच्या मुलखात आले. वर बघा. छताला टांगलेले शर्ट, पँटी, बूट. प्रत्येकाची एक साखळी, तिला आकडा. घरचे कपडे आकड्याला अडकवायचे, साखळी ओढून छताशी न्यायचे आणि कुलूप लावायचं. माणूस खाली खाणीत, त्याचे कपडे वर अधांतरी. पाळी संपली की साखळी सैल करायची. एखादी साखळी खाली आलीच नाही, तर बाकीच्यांना कुणी काही सांगावं लागत नसे.

21 डिसेंबर 2018. बोट्रोप शहरातली प्रॉस्पर-हानिएल खाण. दगडी कोळशाचा शेवटचा तुकडा वर आला आणि खाणकामगारांनी तो राष्ट्राध्यक्ष फ्रांक-वाल्टर श्टाइनमायर यांच्या हातात दिला. जर्मनीतली ही शेवटची दगडी कोळशाची खाण. जो 'बंद' हा शब्द या लोकांनी पिढ्यान् पिढ्या टाळला, तो त्या दिवशी खरा झाला. पण अभिवादन त्यांनी बदललं नाही. जाणाऱ्याला शेवटचा निरोपही याच शब्दांनी देतात. थडग्यांच्या दगडावर तेच कोरलेले असतात.

[गेल्झेनकिर्शेन. फुटबॉलचं मैदान. निळ्या-पांढऱ्या मफलरांची गर्दी.]

गेल्झेनकिर्शेनच्या शाल्के 04 या क्लबचं 1928 सालचं मैदान 'ग्ल्युकआउफ' याच नावाचं. आताच्या नव्या मैदानात खेळाडू बाहेर येतात तो बोगदाही खाणीतल्या वाटेसारखा सजवलेला. सामन्याआधी सगळं मैदान उभं राहून खाणकामगारांचं जुनं गाणं गातं. 2023 मध्ये या गाण्याची नोंद जर्मनीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत झाली. गाण्यात 'श्टायगर' येतो, म्हणजे खाणीतला मुकादम.

बापाच्या खांद्यावर बसलेला एखादा पोरगाही त्यात सूर मिसळतो. खाण त्याने पाहिलेली नाही. ग्ल्युक आउफ, श्टायगर येतोय, रात्रीच्या अंधारात त्याने आपला दिवा केव्हाच पेटवलाय.