परिच्छेदाचं विषयवाक्य: एक वाक्य बाकीच्यांना जागा कशी देतं

नमस्कार. आज आपण फक्त एक परिच्छेद बघणार आहोत. विषय आहे लोणार सरोवर. स्क्रीनवर वाचा:

'लोणार सरोवर बुलढाणा जिल्ह्यात आहे. त्याचं पाणी खारट आहे. गावात दैत्यसूदनाचं मंदिर आहे. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं होतं.'

यातलं एकही वाक्य चुकीचं नाही. पण वाचून हाती काय लागलं? मला तरी काहीच नाही. निबंधांच्या वह्यांत असे परिच्छेद दिसले की मला फार हळहळ वाटते, कारण मुलांनी माहिती मेहनतीनं जमवलेली असते.

आता सगळ्यात वर हे वाक्य ठेवू: 'लोणारचं विवर ज्वालामुखीमुळे नाही, तर अशनीच्या आघातानं तयार झालं.'

हे झालं विषयवाक्य, म्हणजे परिच्छेदाचा मुख्य मुद्दा सांगणारं वाक्य. ते वाचताच मनात येतं, कशावरून? लोणार ज्या दख्खनच्या बसाल्टात आहे, तो तर ज्वालामुखीचाच खडक! मग पुढच्या वाक्यांना उत्तर द्यावंच लागतं: इथल्या खडकात मास्केलिनाइट सापडलं, म्हणजे आघाताच्या प्रचंड दाबानं फेल्डस्पार या खनिजाची झालेली काच. मंदिराचं वाक्य इथून काढायचं. गुलाबी पाण्याचंही. आवडतं वाक्य काढताना जीवावर येतं, पण काढाच.

त्याच माहितीवर दुसरं विषयवाक्य लिहू: 'लोणारच्या पाण्याचा रंग त्यातले सूक्ष्मजीवही बदलू शकतात.' आता खारटपणा हवाच. पाणी आटलं, क्षार वाढले, क्षारात वाढणारे सूक्ष्मजीव फोफावले आणि पाणी गुलाबी झालं. व्यासाचं मात्र इथे काही काम नाही.

'या परिच्छेदात मी लोणारची माहिती देणार आहे', हे विषयवाक्य नव्हे, ती नुसती घोषणा. 'लोणार बुलढाणा जिल्ह्यात आहे' हेही नव्हे. त्यावर पुढे बोलायला काही उरतच नाही. वाक्याला 'कशावरून?', 'कसं?' किंवा 'का?' विचारून बघा. उत्तराला तीन-चार वाक्यं लागत असतील, तर ते विषयवाक्य.

ते पहिलंच हवं का? नाही. आधी पुरावे मांडून शेवटी निष्कर्ष देता येतो, वाचायला छानही वाटतं. पण लिहायला शिकताना ते वरच ठेवा, म्हणजे भरकटलेलं वाक्य लगेच पकडता येतं.

आता तुमची वही उघडा, एक जुना परिच्छेद घ्या आणि त्यातलं विषयवाक्य अधोरेखित करा. सापडलं नाही, तर व्हिडिओ इथेच थांबवून ते आधी लिहा.