धिंगरीतलं अँटिऑक्सिडंट नेमकं कोणतं?

मंडळी, तुमच्यापैकी बरेच जण भाताच्या पेंढ्यावर, सोयाबीनच्या काडावर धिंगरी अळिंबी (ऑयस्टर मशरूम) पिकवता. गिऱ्हाईक विचारतं, "यात अँटिऑक्सिडंट असतात म्हणे?" अँटिऑक्सिडंट म्हणजे पेशींना इजा करणाऱ्या अस्थिर रेणूंना निष्प्रभ करणारे पदार्थ. गिऱ्हाइकाला खरं उत्तर देता यावं, एवढ्याचसाठी आज बोलतो.

प्रयोगशाळेत हे तपासायची एक प्रचलित रीत आहे. डीपीपीएच नावाचं रसायन मेथनॉलमध्ये विरघळवलं की गडद जांभळं द्रावण होतं. त्यात अळिंबीचा अर्क घालून नळी अंधारात ठेवतात. अर्कातली फिनॉल वर्गातली व इतर संयुगं काम करू लागली की जांभळा रंग उतरतो, द्रावण पिवळं पडत जातं. किती उतरला ते यंत्रावर मोजायचं, की झाला आकडा तयार! पण नळीत मेथनॉल असतं, रक्त नसतं. खाल्लेल्या फिनॉलपैकी बरंचसं आतड्यातून शोषलंच जात नाही. जे जातं त्याचं रूप यकृतात पालटतं. अशाच एका चाचणीच्या आकड्यांची यादी अमेरिकेच्या कृषी खात्याने २०१२ साली संकेतस्थळावरून काढून टाकली, कारण विक्रेते ते आकडे जाहिरातीत मिरवू लागले होते. योग्यच केलं.

मग अळिंबीत खास काही नाही का? आहे, आणि ते मला फार मोलाचं वाटतं. त्याचं नाव एर्गोथायोनिन. १९०९ साली फ्रान्सच्या शार्ल तान्रे यांना ते राय धान्यावरच्या अर्गट बुरशीत सापडलं. हे गंधक असलेलं अँटिऑक्सिडंट संयुग बुरशा आणि काही जिवाणूच बनवतात. आपल्याला ते अन्नातूनच मिळतं, आणि अळिंबीइतकं ते फार थोड्या पदार्थांत असतं. २००५ साली जर्मनीतल्या संशोधकांनी दाखवलं, की ते पेशीत ओढून घेणारं एक वाहक प्रथिन आपल्या शरीरात आहे. तांबड्या पेशी, यकृत, अस्थिमज्जा, डोळ्याचं भिंग इथे ते साठतं; मूत्रपिंडही ते सहजी बाहेर जाऊ देत नाही. जे शरीर इतकं जपून ठेवतं, ते निरुपयोगी असेल असं मानणं कठीण आहे. तरी त्याने अमुक आजार बरा होतो, असं कृपा करून कुणाला सांगू नका. तेवढा पुरावा आज हाती नाही.

धिंगरीत ते पांढऱ्या बटन अळिंबीपेक्षा साधारणपणे जास्त असतं. म्हणजे महागड्या कॅप्सूलच्या मागे लागायची गरज नाही, तुमच्या पिशवीवर फुटलेला घोस पुरे.

शिजवून ते नासत नाही, उष्णतेत चांगलं टिकतं. तेव्हा कच्ची खायचा हट्ट नको. मात्र ते पाण्यात विरघळतं. धिंगरी उकडून पाणी ओतून देण्याची सवय असेल तर मोडा. थेट फोडणीला टाका, सुटलेलं पाणी रश्श्यातच राहू द्या, आणि वाळवलेली भिजत घातली असेल तर ते पाणीही गाळून त्यातच घाला.