नाणेसंग्रहासाठी सॉफ्टवेअर निवडताय? आधी बाहेर पडायचा रस्ता बघा

नमस्कार मंडळी!

संग्रह एका अल्बमपुरता असतो तोवर सगळं डोक्यात राहतं. कोणतं नाणं कुणाकडून घेतलं, केवढ्याला घेतलं, कोणत्या पानावर आहे, सगळं. मग अल्बम वाढतात, तीच तीच नाणी पुन्हा येतात, आणि समोरचं नाणं आपल्याकडे आहे की नाही हेच आठवेनासं होतं. तेव्हा आपण सॉफ्टवेअर शोधायला लागतो. पहिली नजर जाते दिसण्यावर: स्क्रीन किती देखणी, फोटो किती मोठे, किमती आपोआप येतात का. मी सांगेन, सुरुवात दुसऱ्या टोकाकडून करा. आपण भरलेली माहिती या सॉफ्टवेअरमधून बाहेर कशी काढायची, हे आधी बघा.

नाणं शेकडो वर्षं टिकतं, सॉफ्टवेअर टिकत नाही. कंपनी बंद पडते, नव्या कॉम्प्युटरवर जुना प्रोग्राम चालत नाही, वर्गणी भरायची राहिली की खातंच उघडत नाही. तेव्हा हातात उरतं ते फक्त तुम्ही एक्सपोर्ट केलेलं. म्हणून सीएसव्ही (कुठल्याही प्रोग्राममध्ये उघडणारी साध्या तक्त्याची फाइल) किंवा एक्सेलमध्ये सगळ्या नोंदी काढता येतात का ते तपासा. 'पीडीएफ मिळते' यावर समाधान मानू नका. पीडीएफ वाचायला छान, पण तिच्यातून हजार नोंदी दुसऱ्या प्रोग्राममध्ये भरणं म्हणजे पुन्हा पहिल्यापासून टायपिंग. आणि फोटोंचं काय होतं तेही बघा. पुष्कळदा अक्षरं बाहेर येतात आणि फोटो आतच राहतात.

आता दोन नावं घेतो, कारण ती दोन वेगळ्या पद्धतींची चांगली उदाहरणं आहेत. ओपननुमिस्मॅट मोफत आहे, ओपन सोर्स आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं. संग्रह तुमच्याच कॉम्प्युटरवर एका एसक्यूलाइट फाइलमध्ये राहतो. एसक्यूलाइट हा माहिती साठवायचा खुला फॉरमॅट आहे. उद्या हा प्रोग्राम नसला तरी ती फाइल दुसऱ्या साधनांनी उघडता येते, आणि मला हीच त्याची सर्वांत मोठी बाजू वाटते. दुसरं नुमिस्टा. 2007 पासून चालू असलेली ही वेबसाइट आहे, जगभरच्या संग्राहकांनी मिळून भरलेला कॅटलॉग. नाणं शोधायचं, 'माझ्याकडे आहे' अशी खूण करायची, धातू, व्यास, वजन ही माहिती तयार मिळते. वेळ प्रचंड वाचतो. पण नोंदी दुसऱ्याच्या सर्व्हरवर असतात, म्हणून अधूनमधून एक्सपोर्ट करून ठेवायची सवय लावूनच घ्या.

आणि साधं एक्सेल? लहान संग्रहाला ते पुरतं, त्यात काही कमीपणा नाही. फक्त त्याचे दोन स्वभाव ओळखून राहा. अर्ध्या मूल्याचं नाणं म्हणून तुम्ही 1/2 टाइप करता आणि एक्सेल त्याची तारीख करून टाकतं. नोंद क्रमांक 0012 लिहिता, पुढची शून्यं गायब होतात. रकाना आधीच 'टेक्स्ट' करून ठेवला की दोन्ही त्रास टळतात.

सॉफ्टवेअरची खरी परीक्षा होते ती तारखेच्या रकान्यात. या मुद्द्यावर मी जरा थांबणार आहे.

(स्क्रीनवर: ऑटोमन नाण्याची मागची बाजू)

हे सुलतान दुसरा अब्दुल हमीद याच्या काळातलं ऑटोमन नाणं. खाली 1293 लिहिलंय, वर 25. 1293 हे तो गादीवर आला ते हिजरी, म्हणजे इस्लामी पंचांगाचं साल, आणि 25 हे त्याच्या राज्यकाळाचं वर्ष; 1293 हेच पहिलं वर्ष धरायचं. म्हणजे नाणं पाडलं गेलं हिजरी 1317 मध्ये, इसवी सनात 1899–1900. नुसतं 1293 बघून 1876 अशी नोंद केली तर वीसेक वर्षांची चूक होते. हिजरी वर्ष साधारण 354 दिवसांचं, त्यामुळे ते बहुधा इसवी सनाच्या दोन वर्षांत विभागलं जातं. आणि ज्या नाण्यांवर साल नसतंच, त्यांचं काय? 'इ.स. 110 ते 120 दरम्यान' असं लिहायची सोय हवी. म्हणून नाण्यावर जे कोरलंय ते एका रकान्यात जसंच्या तसं आणि इसवी सन वेगळ्या रकान्यात, तोही 'पासून–पर्यंत' असा. ज्या सॉफ्टवेअरमध्ये वर्षाचा एकच रकाना आहे आणि तो चार आकड्यांपलीकडे काही घेत नाही, ते फक्त आधुनिक नाण्यांसाठी आहे असं समजा.

दुसरी बघायची गोष्ट म्हणजे प्रकार आणि प्रत वेगळी ठेवता येते का. एकाच प्रकारची तीन नाणी तुमच्याकडे असतील, तर ठरलेलं वजन तिघांचं एकच. पण प्रत्यक्ष काट्यावरचं वजन, झीज, खरेदीची किंमत, ठेवलेली जागा प्रत्येकाची निराळी. प्रत्यक्ष वजन लिहायला स्वतंत्र जागा असेल तर ठरलेल्या वजनाशी तुलना करता येते, आणि झिजेच्या मानाने फरक जास्त दिसला तर बनावट असल्याची शंका तिथेच येते. नुसतं 'नग: 3' लिहिणाऱ्या नोंदीत हे सगळं पुसलं जातं.

कॅटलॉग क्रमांकाचंही, म्हणजे संदर्भग्रंथात त्या प्रकारच्या नाण्याला दिलेल्या क्रमांकाचंही तसंच. क्रमांकाआधी दिसणारं 'केएम' म्हणजे क्राउस आणि मिशलर. त्यांचा जागतिक नाण्यांचा कॅटलॉग पहिल्यांदा 1972 मध्ये आला. नुमिस्टाचे क्रमांक वेगळे, रोमन साम्राज्याच्या नाण्यांना आरआयसी ('रोमन इम्पिरियल कॉइनेज') या संदर्भग्रंथाचे. एका नाण्याला एकाहून जास्त क्रमांक जोडता आले पाहिजेत.

आपोआप येणाऱ्या किमतींवर मी फार वेळ घालवणार नाही. दर्जा एका पायरीने बदलला तरी किंमत बदलते, आणि तुमच्या नाण्याचा दर्जा सॉफ्टवेअरला दिसत नाही. तुम्ही दिलेली किंमत, तारीख आणि विक्रेता मात्र न चुकता नोंदवा.

फोटोंबद्दल एक काळजीची सूचना. मोबाइलवर लोकेशन चालू असेल तर काढलेल्या फोटोत जागेचे अक्षांश-रेखांश दडलेले असू शकतात. असे फोटो ऑनलाइन संग्रहात टाकलेत तर नाणी कुठे आहेत तेही सांगून बसाल. कॅमेऱ्याचं लोकेशन बंद करूनच फोटो काढा, आणि ऑनलाइन संग्रह खाजगी ठेवता येतो का तेही तपासा.

मग निवड कशी करायची? पैसे भरण्याआधी, चाचणीच्या मुदतीत, तुमच्या संग्रहातली सर्वांत त्रासदायक दहा नाणी काढा. साल नसलेलं, दुसऱ्या लिपीतलं, भोक पाडलेलं, चुकीचा ठसा उमटलेलं, एकाच प्रकारची दोन. ती फोटोंसकट भरा. लगेच एक्सपोर्ट करा आणि ती फाइल दुसऱ्या प्रोग्राममध्ये उघडा. देवनागरी आणि अरबी अक्षरं शाबूत आहेत का? साल तसंच आहे का? कोणता फोटो कोणत्या नाण्याचा हे कळतंय का? तिन्हींना 'हो' आलं, तर बाकीचा संग्रह बिनधास्त भरायला घ्या. आणि भरताना प्रत्येक नोंदीचा क्रमांक त्या नाण्याच्या होल्डरवरही लिहा. नाण्याला स्वतःला मात्र पेन लावायचं नाही.