सोललेला मासा, ट्रिस आणि कोकणातला उकाडा

[दृश्य: रत्नागिरी, मिरकरवाडा बंदर. लिलावाची गर्दी.]

सुरमई कुठली आणि बांगडा कुठला, हे इथल्या पोराटोरांनाही सांगावं लागत नाही. पण डोकं उडवलं, कातडी सोलली, काटा काढला, आणि नुसते पांढरे तुकडे समोर आले, की मुरलेली कोळीणही थबकते. मग विचारायचं त्या मांसातल्या प्रथिनांना.

[दृश्य: प्रयोगशाळा. दोन काचांमध्ये जमलेलं जेल.]

जेलला वीज जोडली की प्रथिनं सरकू लागतात. कुठल्या दिशेला, हे बफरच्या, म्हणजे पीएच फारसा हलू न देणाऱ्या द्रावणाच्या, पीएचवर (आम्ल-अल्कतेच्या मापावर) ठरतं. प्रत्येक प्रथिनाचा एक पीएच असा असतो, की तिथे धन आणि ऋण प्रभार एकमेकांना फेडतात आणि प्रथिन जागचं हलत नाही. बफर त्याच्या वर असेल तर प्रथिन धन ध्रुवाकडे जातं, खाली असेल तर ऋण ध्रुवाकडे.

एसडीएस नावाचं साबणासारखं रसायन घातलं की ही भानगड संपते. सगळ्याच प्रथिनांवर ऋण प्रभार चढतो आणि फरक उरतो तो आकाराचा. मग बफर कुठलाही चालेल? मुळीच नाही.

1970 साली लेमली यांनी मांडलेली पद्धत आजही ठिकठिकाणच्या प्रयोगशाळांत चालते. एकावर एक दोन जेल: वरच्याचा पीएच 6.8, खालच्याचा 8.8, आणि टाकीत ट्रिस (बफरचं रसायन) व ग्लायसिन (एक अमिनो आम्ल) यांचा बफर, साधारण 8.3. वरच्या जेलमध्ये ग्लायसिनवर प्रभार जवळजवळ नसतोच, म्हणून ते रेंगाळतं. जेलच्या बफरमधलं क्लोराइड पुढे पळतं. या दोघांच्या मध्ये प्रथिनं सापडतात आणि रापणीचे दोर ओढल्यावर मासळी गोळा व्हावी, तशी एका बारीक रेषेत जमतात. खालच्या जेलमध्ये ग्लायसिनला प्रभार मिळतो, ते पुढे निघून जातं, आणि प्रथिनं आपापल्या आकारानुसार सुटी होतात. सगळी गंमत या एका ग्लायसिनची आहे. म्हणूनच टाकीतल्या बफरचा पीएच थोडा इकडेतिकडे दिसला म्हणून त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल ओतणं, हा शुद्ध अडाणीपणा. जादा क्लोराइड आलं की रेषा जमायची बंद.

[दृश्य: रंगवलेलं जेल, निळे पट्टे.]

माशाच्या स्नायूतली मायोसिनची मोठी साखळी सुमारे 200 किलोडाल्टनची (प्रथिनाच्या वजनाचं एकक), ॲक्टिन 42 ची. या दोघांना ट्रिस-ग्लायसिन पुरतं. कोळंबीची ॲलर्जी असलेल्यांना ज्याचा त्रास होतो, ते ट्रोपोमायोसिनही त्यात नीट दिसतं. पण माशाच्या ॲलर्जीचं मुख्य कारण पार्व्हाल्ब्युमिन, आणि ते जेमतेम 12 किलोडाल्टनचं. इतकी लहान प्रथिनं ग्लायसिनच्या जेलमध्ये एसडीएसच्या लोंढ्यात मिसळतात, पट्टा फिसकटतो. तिथे ग्लायसिनच्या जागी ट्रायसिन घ्यावं. शेगर आणि फॉन यागोव यांनी 1987 मध्ये ही पद्धत दिली ती लहान प्रथिनांसाठीच.

आता कोकणातल्या उकाड्याचं. ट्रिस फार हळवं आहे. तापमान एका अंशाने वाढलं की त्याचा पीएच सुमारे 0.03 ने उतरतो. एसीच्या खोलीत 25 अंशांना 8.8 ला बसवलेला बफर मे महिन्यात 34 अंशांच्या खोलीत 8.55 च्या आसपास येतो. फ्रिजमधून काढून गार असतानाच मीटर बुडवला, तर आकडा खोलीतल्या पीएचपेक्षा जास्त दिसतो. जेल जिथे चालवणार, त्या तापमानालाच पीएच बसवायचा. पावसाळ्यात अमोनियम परसल्फेटची, म्हणजे जेल जमवणाऱ्या रसायनाची, बाटलीही उघडी ठेवू नये. ओल धरली की जेल जमत नाही, आणि बोल बफरला लागतो.

[दृश्य: खारवलेला बांगडा, वाळत घातलेला.]

खाऱ्या मासळीची तऱ्हा आणखी वेगळी. नमुन्यात मीठ जास्त असेल तर पट्टे वाकडेतिकडे पसरतात, शेजारच्या रांगाही बिघडवतात. पोटॅशियम असेल तर एसडीएसचा पांढरा साका खाली बसतो. म्हणून नमुना काढायला पोटॅशियमचा बफर टाळायचा, आणि खारा बांगडा असेल तर अर्क आधी डायलिसिसच्या पिशवीत ठेवून मीठ उतरवायचं, मगच जेलवर चढवायचा.