टाके छान आलेत, पण फोटोत उभी राहते का?

नमस्कार मंडळी. रेडिओचं एक बरं असतं बघा, बोलणाऱ्याचं तोंड कुणाला दिसत नाही, जे काय आहे ते आवाजावर. ही सूट काही मुलांना दिवसभरात क्वचितच मिळते. ओठ किंवा तोंडातली टाळू दुभंगलेली, गालावर मोठी जन्मखूण असलेली, भाजल्याचे व्रण असलेली, चेहऱ्याची एक बाजू हलत नाही अशी मुलं. नुसतं दुभंगलेल्या ओठ-टाळूचं बोललो तरी जगात साधारण दर 700 बाळांमागे 1, म्हणजे फार दुर्मिळ वगैरे काही नाही.

आता ऑपरेशन होतं, डॉक्टर आधीचा आणि नंतरचा फोटो शेजारी ठेवून बघतात, टाके छान आले, नाकपुड्या सारख्या झाल्या, सगळे खूश. पण ती 14 वर्षांची मुलगी ग्रुप फोटोत उभी राहते की फोटो काढायला मीच थांबते म्हणून मोबाईल हातात घेते, हे त्या फोटोत कुठे दिसणार? हे जे मोजायचं, त्याला क्वालिटी ऑफ लाइफ म्हणतात. मराठीत लोक जीवनमान म्हणतात पण मला तो शब्द पटत नाही, त्यात पगार आणि घर डोळ्यासमोर येतं. जागतिक आरोग्य संघटनेने याची व्याख्या करताना माणसाला स्वतःला आपलं जगणं कसं वाटतं यावर भर दिलाय, त्याच्या अपेक्षा, त्याच्या काळज्या, त्याच्या आजूबाजूची रीत हे सगळं धरून.

मग विचारायचं काय? मुलांसाठी पेड्सक्यूएल नावाची 23 प्रश्नांची प्रश्नावली खूप वापरतात, पळता येतं का, झोप लागते का, शाळेत लक्ष लागतं का, इतर मुलं चिडवतात का. चांगली आहे, पण आपली ही मुलं पळतात मस्त आणि झोपतातही मस्त, आणि जिथे टोचतं तिथे एखादाच प्रश्न पोचतो. अनोळखी माणूस टक लावून बघतो तेव्हा काय होतं, हे तिथे नाहीच.

म्हणून अमेरिकेत सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या लोकांनी चेहरा वेगळा असलेल्या 11 ते 18 वर्षांच्या मुलांसाठी वेगळी प्रश्नावली केली, 2005 च्या सुमारास ती छापून आली, नाव वायक्यूओएल-एफडी. त्यांनी आधी मुलांशीच बोलून घेतलं आणि मग प्रश्न बनवले. मला त्यातल्या दोन गोष्टी फार आवडतात. एक म्हणजे काही गोष्टी बाहेरच्यालाही दिसतात, जसं की किती वेळा कुणी चिडवलं, आणि काही फक्त त्या मुलालाच माहीत असतात, म्हणजे आत काय वाटतं ते, हा फरक त्यांनी मुद्दाम पाळला. दुसरं म्हणजे त्यात चेहऱ्यामुळे काही चांगलं झालं का हाही भाग आहे. नुसतं त्रास, त्रास असं विचारत गेलं तर पोरगं म्हणणार की अरे मला त्रास असायलाच पाहिजे वाटतं!

नंतर क्लेफ्ट-क्यू नावाची आणखी एक प्रश्नावली आली, खास दुभंगलेल्या ओठ-टाळूसाठी, 8 ते 29 वयापर्यंत. ती 12 देशांतल्या 2434 पेशंटकडून भरून घेऊन तपासली. तिचे तुकडे सुटे वापरता येतात, ओठ वेगळा, दात वेगळे, बोलणं वेगळं, शाळा वेगळी, म्हणजे दातांचं काहीच नसेल तर दातांचे प्रश्न कशाला द्यायचे. आणि हे फार उपयोगी पडतं, कारण डॉक्टरांना नाक सरळ करायचं असतं आणि मुलाला नाकाचं काही पडलेलं नसतं, त्याला बोलताना लोक परत परत काय म्हणालास विचारतात त्याचा वैताग असतो.

अजून एक, आणि हे ऐकून बऱ्याच जणांना आश्चर्य वाटतं. व्रण जितका मोठा तितकं दुःख मोठं, असं हिशोब लावून चालत नाही. अगदी बारीक खूण असलेला मुलगा घराबाहेर पडायला टाळतो आणि बराच वेगळा चेहरा असलेली मुलगी टीमची कॅप्टन असते. खूण बारीक असली की समोरच्याला ती दिसली की नाही याचाच अंदाज येत नाही, मग सारखं सावध राहावं लागतं, आणि तेही दमवतं.

आणि उत्तर द्यायचं कुणी? आईवडिलांनी भरलेलं आणि मुलाने भरलेलं बऱ्याचदा जुळत नाही. यात आई खोटं बोलते असं नाही हो, तिला तिची काळजी दिसते. पण आई शेजारी बसलेली असताना 13 वर्षांचा मुलगा "ठीक आहे" यापलीकडे काय लिहिणार? त्यामुळे कागद त्याच्या हातात द्यायचा, पेन द्यायचं, आणि आईला म्हणायचं, काकू तुम्ही जरा बाहेर बसता का, झालं की बोलावतो.