दोन पानं जास्त

(मंडळाच्या उन्हाळी मेळाव्यात चित्रपट दाखवण्याआधी झालेलं भाषण, संकेतस्थळासाठी थोडं संपादित करून.)

नमस्कार मंडळी.

जेवणं झाली आहेत, बाहेर ऊन आहे आणि मुलं बॉल घेऊन केव्हाच पळाली आहेत. पडदा लावून होईपर्यंत पंधरा मिनिटं बोला, असं कार्यकारिणीने सांगितलं आणि मी लगेच हो म्हटलं. हा चित्रपट इथे दाखवा म्हणून दोन वर्षं मीच मागे लागले होते.

रविवारी सकाळी मी कुठे असते हे तुमच्यातल्या बऱ्याच जणांना माहीत आहे. मुलाच्या फुटबॉल क्लबच्या टपरीवर, केकच्या थाळ्यांमागे. मुलगा चौदा वर्षांचा, गोलकीपर. आमचं मैदान अजून जुनं, लाल राखेचं. पाऊस पडला की सगळ्या जर्सी विटकरी होतात आणि पाळी आली की ती ओली, जड पिशवी माझ्या घरी येते. दोनदा धुतल्याशिवाय तो रंग निघत नाही. जर्मनीतल्या रुहरच्या या भागात राहणाऱ्या प्रत्येक आईला हा रंग ओळखीचा आहे. म्हणून या चित्रपटातला नायक गोलकीपर आहे हे कळलं तेव्हाच मी त्याच्या बाजूची झाले होते.

चित्रपट २००४ चा, जर्मन, दिग्दर्शिका शेरी होर्मान. नाव ‘मेनर वी वीअर’, म्हणजे ‘आपल्यासारखे पुरुष’. बोल्ड्रुप नावाचं एक काल्पनिक छोटं गाव. तिथल्या बेकरीवाल्याचा मुलगा गावच्या संघाचा गोलकीपर आहे. माक्सिमिलियान ब्र्युकनरने ही भूमिका केली आहे. नायकाचं नाव एकी. आपल्या कानाला या शब्दाचा जो अर्थ लागतो, तो मला अख्खा चित्रपटभर ऐकू येत राहिला. निर्णायक सामन्यात एकी गोल खातो, संघ हरतो, आणि त्याच सुमारास त्याला मुलगे आवडतात हे सगळ्यांना कळतं. मग हरल्याचा राग कुठे काढायचा हे ठरवायला कोणाला फार वेळ लागत नाही. त्याला संघातून हाकलतात. तो म्हणतो, चार आठवड्यांत मी माझ्यासारख्यांचा संघ उभा करतो आणि तुम्हाला हरवतो. आणि खेळाडू शोधायला तो बहिणीकडे येतो आपल्या डॉर्टमुंडला.

पुढचं पडद्यावर बघा. हसाल भरपूर. काही पात्रं ठरीव साच्यातली आहेत, हे मी आधीच सांगून ठेवते. काळे चामडी कपडे घालणारं त्रिकूट वगैरे बघून वाटतं, थोडी अजून मेहनत घ्यायला हवी होती. पण चित्रपट सगळ्यात जास्त हसतो ते घाबरलेल्या लोकांना, आणि ते मला फार आवडलं. कालपर्यंत ज्याच्या शेजारी उभं राहून अंघोळ केली, त्याच्यापासून आज टॉवेल घट्ट धरून लांब सरकणारी माणसं खरोखरच हास्यास्पद असतात.

मला मात्र बेकरीबद्दल बोलायचंय. लहान गावात बेकरी म्हणजे काय हे इथे राहिल्यावर कळतं. सकाळी सहाला उघडते, सगळं गाव ब्रेडसाठी तिथेच येतं, आणि गावातली प्रत्येक बातमी त्या काउंटरवरून जाते. आपल्याकडे वाण्याचं दुकान, पिठाची गिरणी असायची, तसं. त्यामुळे बेकरीवाल्याच्या मुलाची गोष्ट गावाला कळते, म्हणजे बापाला ती रोज सकाळी गिऱ्हाइकांच्या डोळ्यांत वाचावी लागते. त्या बापाचं आपल्या मुलावर प्रेम नाही असं एका क्षणीही वाटत नाही. त्याच्या पोटात जो गोळा येतो, तो आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. चार लोक काय म्हणतील?

आपण हे वाक्य ऐकत मोठे झालो. सांगली असो, ठाणे असो, नाहीतर बेळगाव. हे चार लोक कोण, ते कधी कोणी सांगितलं नाही. इथे परदेशात आल्यावर वाटलं, सुटलो त्यांच्यातून. पण गेली काही वर्षं मला नीट दिसतंय की इथल्या प्रत्येक मराठी मुलासाठी ते चार लोक आता या हॉलमध्ये बसलेले आहेत. मी त्यातली एक आहे.

‘कमिंग आउट’ला, म्हणजे आपण गे आहोत हे लोकांना कळू देण्याला, मराठीत चांगला शब्द शोधत होते. ‘उघड होणं’ म्हटलं की चोरी पकडल्यासारखं वाटतं. ‘कबुली’ म्हटलं की गुन्हा आलाच. शेवटी मी साधं ‘सांगणं’ म्हणायला लागले. आणि सांगणं म्हटल्याबरोबर लक्षात आलं की त्याला ऐकणारा लागतो. आपण सांगणाऱ्याच्या धैर्याचं कौतुक करतो, टाळ्या वाजवतो. ऐकणाऱ्याने त्याआधीची पंधरा-वीस वर्षं त्या मुलासमोर काय काय बोलून ठेवलंय, त्याचा हिशोब कोणी मांडत नाही.

फुटबॉलमध्ये हा हिशोब फार महाग पडलाय. जस्टिन फॅशनू हा इंग्लंडमधला दहा लाख पौंडांना विकला गेलेला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, १९८१ मध्ये. १९९० मध्ये त्याने आपण गे असल्याचं जाहीरपणे सांगितलं. त्याचा सख्खा भाऊ जॉन, तोही नावाजलेला फुटबॉलपटू, वर्तमानपत्रातून त्याच्या विरोधात बोलला. १९९८ मध्ये, सदतिसाव्या वर्षी जस्टिनने आयुष्य संपवलं. त्यानंतर ब्रिटनमध्ये खेळत असलेल्या दुसऱ्या व्यावसायिक पुरुष खेळाडूने सांगायला २०२२ चा मे महिना उजाडला. ब्लॅकपूलचा जेक डॅनियल्स, वय सतरा. १९९० पासूनची मधली बत्तीस वर्षं मोजा.

या जेकने सांगितलेली एक गोष्ट मी घरी फ्रिजवर लिहून लावली आहे. त्याने आधी आई आणि बहिणीला सांगितलं. दुसऱ्या दिवशी अ‍ॅक्रिंग्टनविरुद्ध सामना होता. त्यात त्याने चार गोल केले. मुलाच्या पायांत इतके दिवस केवढं ओझं बांधलेलं होतं ते या एका सामन्यात दिसतं.

आणि आपण राहतो तो देश? टोमास हिट्झल्स्पेर्गर आठवतो का? बावन्न आंतरराष्ट्रीय सामने खेळला. २००७ मध्ये स्टुटगार्टने लीग जिंकली, त्या शेवटच्या सामन्यात त्याचा गोल होता. त्याने सांगितलं ते जानेवारी २०१४ मध्ये, निवृत्त झाल्यावर. पुढे फेब्रुवारी २०२१ मध्ये इथल्या आठशेहून अधिक पुरुष आणि महिला खेळाडूंनी एका फुटबॉल मासिकातून जाहीर केलं की कोणी सांगणार असेल तर आम्ही पाठीशी आहोत. त्याच वर्षी विश्वविजेत्या संघाचा कर्णधार राहिलेल्या फिलिप लामने पुस्तकात लिहिलं की खेळत असताना सांगण्याचा सल्ला मी देणार नाही. स्टेडियममधल्या शिव्या त्याने आतून ऐकल्या आहेत. मग पूर्वी पूर्व जर्मनीत खेळलेल्या मार्कुस उर्बानने पुढाकार घेऊन १७ मे २०२४ ही तारीख ठरवली. त्या दिवशी सगळ्यांनी मिळून सांगायचं, म्हणजे एकट्यावर भार येणार नाही. तारीख उजाडली. खेळत असलेला एकही व्यावसायिक पुरुष फुटबॉलपटू पुढे आला नाही.

मी त्या मुलांना भित्रे म्हणणार नाही. ज्या स्टेडियममध्ये ऐंशी हजार माणसं बसतात, तिथे चेंडूजवळ उभं राहून एकट्याने ते सगळं ऐकायचं असतं. इकडे महिला फुटबॉलमध्ये बघा. गोलकीपर नादीने आंगेररने २०१० मध्येच आपण बायसेक्शुअल असल्याचं सांगितलं आणि त्यानंतर ती राष्ट्रीय संघाची कर्णधार झाली. त्याच देशात, त्याच खेळात.

कायद्याचं थोडक्यात सांगते. पुरुषांमधले समलिंगी संबंध गुन्हा ठरवणारं जर्मनीचं कलम १७५ साम्राज्याच्या काळातलं, नाझींनी ते आणखी कडक केलं, १९६९ मध्ये सौम्य झालं, आणि पूर्ण रद्द व्हायला १९९४ उजाडलं. हिट्झल्स्पेर्गर तेव्हा बारा वर्षांचा होता. लग्नाचा हक्क २०१७ मध्ये मिळाला. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ ला तशाच कलम ३७७ मधून प्रौढांचे संमतीचे संबंध वगळले. त्या दिवशी भारतातल्या टीव्हीवर लोक रडताना दिसत होते आणि मी इथे डबा भरता भरता ते बघत होते. लग्नाची मागणी मात्र २०२३ मध्ये तिथे मान्य झाली नाही. कायदा एका दिवसात बदलतो. बेकरीच्या काउंटरवरची नजर बदलायला त्याहून खूप वेळ लागतो.

आमच्या क्लबातला एक प्रसंग. इथली मुलं कमकुवत पासला ‘श्वूल’ म्हणतात, म्हणजे ‘गे’ पास. रोज म्हणतात, कोणाला दुखवायचं म्हणून नाही, सवयीने. एका संध्याकाळी सरावात एकाने तसं म्हटलं आणि प्रशिक्षकाने शिट्टी वाजवून खेळ थांबवला. विचारलं, “पासमध्ये काय चुकलं?” मुलगा म्हणाला, “हळू होता.” प्रशिक्षक म्हणाले, “मग हळू म्हण.” आणि शिट्टी वाजवून खेळ पुढे सुरू. पुरता अर्धा मिनिटसुद्धा गेला नाही. भाषण नाही, शिक्षा नाही. त्या वेळी मैदानावर वीसेक मुलं होती. त्यांच्यातल्या एखाद्याने ते अर्धं मिनिट कायमचं जपून ठेवलं असेल, असं मला वाटतं.

आता आपल्या घरातलं. गेल्या वर्षी गणपतीत आरती झाल्यावर मी चहाच्या टेबलापाशी होते. आपल्यातलाच एक तरुण, सत्ताविशीचा, चांगला शिकलेला, ढोल झकास वाजवतो. मी नेहमीच्या प्रेमाने विचारलं, “काय रे, लाडू कधी देतोस?” शेजारच्या दोघीतिघी हसल्या, एकीने आपल्या भाचीचं नाव घेतलं. तो काही बोलला नाही. कागदी कपाची कड बोटांनी उलगडत राहिला. पूर्ण कड सरळ झाली, चहा बोटांवर सांडला, तरी त्याची नजर खालीच. मी टिश्यू दिला आणि पुढच्याला चहा ओतायला लागले.

फेब्रुवारीत त्याचा फोन आला. तो एका मुलाबरोबर तीन वर्षं राहतो. आईला सांगितलंय, बाबांना अजून नाही. मला म्हणाला, “मावशी, तुम्ही लाडवाचं विचारलंत ना, त्या दिवशी सांगणारच होतो. पण मग आपल्या नाटिकेचं आठवलं.” मला क्षणभर कळेना, कुठली नाटिका. मग आठवली. तुम्हालाही आठवेल. साडी नेसून, मनगट वळवून लाडिक बोलणारं ते पात्र, ज्याच्या प्रत्येक एंट्रीला आपण पोट धरून हसलो. मीही हसले होते. तो तेव्हा ढोल घेऊन विंगेत उभा होता, आणि तिथून त्याला पडदा नाही, आपले चेहरे दिसत होते.

त्या फोननंतर मी बराच वेळ स्वयंपाकघरात बसून राहिले. माझ्या मनात त्याच्याबद्दल तेव्हाही प्रेमच होतं, पण ते त्याच्यापर्यंत पोचायला काही वाटच ठेवली नव्हती. त्याला जे दिसलं ते हसणं, आणि जे ऐकू आलं ते लाडू.

म्हणून नाटकवाल्यांना माझी हात जोडून विनंती आहे. यंदाच्या संहितेत ते पात्र ठेवायचं असेल तर त्याला एखादं बरं वाक्य द्या, एखादा मित्र द्या, घरी वाट बघणारी आई द्या. विनोद कमी होणार नाही. आजचा चित्रपट बघितलात की पटेल, कारण तुम्ही दीड-एक तास हसणार आहात. आणि आपण सगळ्यांनी पंचविशीतल्या पोरांना भेटल्यावर लाडवांऐवजी दुसरं काही विचारूया. काम कसं चाललंय, खेळतोस का अजून, जेवलास का. यातल्या कुठल्याही प्रश्नाला त्याला खोटं बोलावं लागत नाही.

हे सगळं मी त्याच्या परवानगीने सांगतेय. तो म्हणाला, “मावशी, सांगा, पण नाव घेऊ नका. नाव मीच सांगेन.” त्याने परवा पुन्हा फोन केला होता. गणपतीला दोघं येऊ का, म्हणून विचारत होता. त्याच्या जोडीदाराला उकडीचे मोदक कधी खायला मिळालेले नाहीत.

पंगतीची यादी माझ्याकडेच असते. मी दोन पानं वाढवून ठेवली आहेत.

पडदा लागलेला दिसतोय. मागचे दिवे घालवा कोणीतरी.