टेकडीखालचं पाणी

(दृश्य: पुण्याची पश्चिम बाजू, बावधन-बाणेरकडची टेकडी. पहाट.)

सकाळचे साडेसहा. एका नव्या सोसायटीच्या फाटकाशी टँकर लागलाय. जाड पाइप जमिनीखालच्या टाकीत सोडलाय आणि धो धो पाणी पडतंय. दहा हजार लिटर. आजचा हा पहिला. दिवस मावळेपर्यंत अजून येतील, वॉचमन वहीत गाडीचा नंबर लिहून घेईल आणि महिनाअखेरीस हिशेब मेंटेनन्समध्ये येईल.

आता याच रस्त्यानं पन्नास पावलं पुढे चला.

(दृश्य: पत्र्याचं कुंपण. फटीतून दिसणारा खोल खड्डा.)

इथे इमारत उभी राहायची आहे. तूर्त फक्त खड्डा आहे, तळघरातल्या दुमजली पार्किंगसाठी कातळ फोडून खणलेला. त्याच्या भिंती नीट बघा. काळ्या दगडाच्या भेगांमधून पाणी झिरपतंय, काही ठिकाणी तर धारच लागली आहे. खड्ड्यात पाणी साचलं तर काम थांबतं, म्हणून तळाशी पंप लावलाय. पंपाचा पाइप कुंपणाखालून बाहेर काढून गटारात सोडलाय. पाणी नितळ आहे. गटारात पडेपर्यंत.

कालही ते असंच वाहत होतं. गेल्या महिन्यातही.

एका फाटकातून विकतचं पाणी आत जातंय आणि शेजारच्या फाटकाखालून तसंच पाणी बाहेर फेकलं जातंय. यात चोर कुणीच नाही. सोसायटीला पाणी हवं, बिल्डरला कोरडा खड्डा हवा. दोघांच्या पायाखाली मात्र एकच जलधर आहे, म्हणजे पाणी धरून ठेवणारा खडकाचा थर. आणि त्याच्या बाजूनं बोलायला या रस्त्यावर कुणीही उभं नाही.

(दृश्य: धरणाची भिंत, मग वर्तमानपत्रातला पाणीसाठ्याचा तक्ता.)

पुण्याला आपल्या धरणांची फार काळजी. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर. चारी मिळून साठवण साधारण 29 टीएमसी, म्हणजे 29 अब्ज घनफूट. जुलै-ऑगस्टमध्ये घरोघरी पेपर उघडला की आधी हाच तक्ता पाहिला जातो. 1961 साली पानशेत फुटलं तेव्हाच्या आठवणी अजून सांगितल्या जातात. धरण भरलं की आपण निर्धास्त होतो.

जमिनीखाली किती भरलं, याचा तक्ता कुठल्याच पेपरात येत नाही. खरं तर शहराच्या कडेची कितीतरी वस्ती त्याच पाण्यावर जगते. विहिरी, बोअर, आणि टँकर. तो टँकरसुद्धा पुष्कळदा जवळपासच्याच एखाद्या विहिरीवरून किंवा बोअरवरून भरून येतो. म्हणजे बोअर आटला म्हणून टँकर मागवायचा आणि टँकरनं चार किलोमीटरवरचा बोअर आटवायचा.

(दृश्य: वाघोलीची जुनी दगडखाण.)

हे पाणी राहतं कुठे? बऱ्याच जणांच्या मनात जमिनीखालून वाहणारी एखादी नदी असते. आपल्याकडे तसं काही नाही. आपल्याकडे दगड आहे.

सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हा पुन्हा पुन्हा जमिनीवर पसरला आणि थिजला. थरावर थर बसले. लाव्हा थिजताना त्यातल्या वायूचे बुडबुडे वर यायला धडपडत होते, ते तिथेच अडकले. म्हणून बऱ्याच थरांचा वरचा भाग जाळीदार, सच्छिद्र असतो. खालचा भाग घट्ट, काळाभोर, पण त्यालाही उभ्या-आडव्या भेगा. पाणी राहतं ते या भेगांमध्ये, छिद्रांमध्ये आणि वरच्या मुरमात.

वाघोलीच्या खाणीत याच छिद्रांमध्ये निसर्गानं आणखी एक गोष्ट ठेवली आहे. कॅव्हनसाइट नावाचं निळंशार खनिज. जगभरचे संग्राहक ज्या स्फटिकासाठी जीव टाकतात, त्याचे सर्वांत देखणे नमुने आपल्या वाघोलीचे. भूगर्भातून पाणी फिरलं, त्यात विरघळलेली द्रव्यं या पोकळ्यांमध्ये बसली आणि त्यांचे स्फटिक झाले. आज त्याच वाघोलीत दिवसभर टँकर पळताना दिसतात.

या दगडाचा एक स्वभाव समजून घ्यायला हवा. तो कंजूष आहे. शंभर घनमीटर कातळातून हाती येणारं पाणी फार तर एक ते तीन घनमीटर. गंगेच्या खोऱ्यातल्या गाळाच्या मातीशी त्याची तुलनाच नको. इथला साठा छोटा असतो, तुकड्यातुकड्यांत असतो, आणि तो दर पावसाळ्यात भरावा लागतो. उन्हाळ्यात उपसायचं, पावसाळ्यात भरू द्यायचं. जुन्या लोकांना हे पाठ होतं. विहीर किती परस खोल, पाणी कुठल्या महिन्यात कुठल्या पायरीवर येतं, उमाळा कुठल्या बाजूचा, हे घरातली पोरंसुद्धा सांगायची.

(दृश्य: कात्रजचा तलाव. पेठेतला जुना उच्छ्वास.)

याच शहरानं एकेकाळी पाणी किती कष्टानं आणलं होतं! अठराव्या शतकाच्या मध्यावर नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला पाणी अडवलं आणि बांधीव भुयारातून ते शनिवारवाड्यापर्यंत, पेठांमधल्या हौदांपर्यंत नेलं. वाटेत जागोजागी उच्छ्वास, म्हणजे भुयारावर उघडणारी उभी तोंडं, ठेवले, हवा खेळती राहावी आणि गाळ काढता यावा म्हणून. पुढे नाना फडणवीसांनी नऱ्हे-आंबेगावच्या बाजूनं पाणी आणलं. आज आपण फडके हौद, बाहुलीचा हौद, खजिना विहीर ही नावं रिक्षावाल्याला पत्ता सांगण्यापुरती वापरतो. पाण्याच्या जागांची नावं उरली, पाण्याची ओळख गेली. आणि नऱ्हे-आंबेगावच्या डोंगराच्या पायथ्याशी आज इमारतींची दाटी आहे.

(दृश्य: ड्रोनमधून शहराची कड. शेत, टॉवर, शेत, टॉवर.)

2017 मध्ये 11 गावं महापालिकेत आली. 2021 च्या जूनअखेरीस आणखी 23. गावं शहरात आली, पण शहराचा नळ त्या वेगानं गावांपर्यंत गेला नाही. मोठाल्या इमारती मात्र पोचल्या. ज्या विहिरीवर दोनशे घरं होती, तिच्या आजूबाजूला दोन हजार फ्लॅट झाले.

जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रस्त्याच्या परिसरात गियाँ-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकामागून एक सापडू लागले. हातापायांतलं बळ जायचं, काहींना व्हेंटिलेटरवर ठेवावं लागलं. संशय दूषित पाण्यावर गेला आणि तिथल्याच नांदेड गावातली विहीर रोज बातम्यांत दिसू लागली. मला त्या दिवसांत एक गोष्ट सारखी खुपत होती. त्या विहिरीचं पाणी किती लोक पितात, हे शहरातल्या बहुतेकांना तेव्हा पहिल्यांदा कळलं. विहीर आजारी पडल्यावर.

(दृश्य: टेकडीचा उतार. पावसात भिजलेलं गवत.)

आता पुन्हा त्या खड्ड्याकडे येऊ. त्याच्या भिंतीतून झिरपणारं पाणी आलं कुठून?

वर बघा. टेकडी.

टेकडीचा उतार, त्यावरचं गवत, पायथ्याचा मुरूम, ओढ्याचा काठ. पावसाचं पाणी इथे थबकतं, मुरतं, भेगा शोधत खाली उतरतं. एक साधा हिशेब करू. पुण्यात वर्षाला साधारण 700 मिलिमीटर पाऊस पडतो. एका हेक्टरवर 700 मिलिमीटर म्हणजे 70 लाख लिटर. दहा हजार लिटरचे 700 टँकर. त्यातलं नुसतं दहा टक्के मुरलं असं धरलं, तरी एका हेक्टरमागे 70 टँकर दर वर्षी, फुकट, ड्रायव्हरशिवाय. त्या हेक्टरवर डांबर आणि काँक्रीट आलं की हेच पाणी अर्ध्या तासात रस्त्यावर येतं आणि खालच्या चौकात दुचाक्या बुडवतं. तुंबलेला चौक आणि आटलेला बोअर, हे दोन वेगळे प्रश्न मानायची आपल्याला सवय झाली आहे. दोन्ही त्याच हेक्टरवरून येतात.

1997 साली समाविष्ट झालेल्या गावांमधल्या टेकड्यांवर जैववैविध्य उद्यानाचं आरक्षण आलं, ते साडेनऊशे हेक्टरांहून अधिक जागेवर. बीडीपी म्हणतात ते हेच. त्यावरचे वाद वर्षानुवर्षं चालू आहेत: बांधकाम किती टक्के, मोबदला किती. झाडांसाठी, पक्ष्यांसाठी, फिरायला येणाऱ्यांसाठी लोक भांडले आणि भांडायलाच हवं होतं. एप्रिल 2023 मध्ये वेताळ टेकडीसाठी हजारो पुणेकर रस्त्यावर उतरले. टेकडी फोडून रस्ता आणि बोगदे नेण्याच्या योजनेला विरोध होता. त्या विरोधात पाण्याचा मुद्दाही होता: टेकडीच्या पोटात बोगदा काढलात तर तिच्या भेगांमधल्या पाण्याच्या वाटा तोडाल. ही गोष्ट डोळ्यांना दिसत नाही, म्हणून फलकावर लिहायला अवघड. झाड पडलं की फोटो निघतो. झरा आटल्याचा फोटो कसा काढणार?

रामनदीचंच बघा. भूगावजवळ खाटपेवाडीच्या बाजूला उगम, मग बावधन, पाषाण, बाणेर करत ती मुळेला मिळते. उन्हाळ्यात अशा लहान नद्यांना जगवतं ते काठाकाठानं पाझरणारं भूजल. पाझर मेले की नदीत उरतं ते आपलं सांडपाणी. मग आपण नदी सुशोभित करायला निघतो, दोन्ही बाजूंनी भिंती बांधतो, आणि उरलेसुरले पाझरही त्या भिंतीआड बंद करतो. मला हे बघवत नाही.

(दृश्य: बोअर मारणारी गाडी. पांढरी धूळ.)

कायदा काय म्हणतो? 1882 च्या सुविधाधिकार कायद्यापासून आपल्या डोक्यात एकच बसलंय, जमीन ज्याची, खालचं पाणी त्याचं. माझ्या प्लॉटमध्ये मी बोअर मारीन, शेजाऱ्याचा आटला तर त्याचं नशीब. पाणी मात्र सात-बारा वाचत नाही. टेकडीवर एकाच्या जमिनीत मुरलेलं पाणी तिसऱ्याच्याच विहिरीत निघतं.

महाराष्ट्रानं 2009 चा भूजल अधिनियम केला, तो 2014 पासून लागू झाला. शेती आणि उद्योगासाठी 60 मीटरपेक्षा खोल विहिरींना त्यात मनाई आहे, विहिरींची नोंदणी सांगितली आहे. कायदा वाचताना बरं वाटतं. पण शहरातली सोसायटी ना शेती करते, ना उद्योग. पाचशे-सहाशे फुटांचा बोअर इथे कुणाला दचकवत नाही. आणि इतका खोल बोअर नुसतं खालचं पाणी उपसत नाही. वरच्या थरांपाशी नीट केसिंग, म्हणजे भोकाला आतून बसवलेला पाइप, नसेल तर वरचं पाणी त्याच भोकातून खाली गळतं. उथळ विहिरी आटतात आणि त्यांच्या मालकांना कारण कळत नाही.

अहिल्यानगर जिल्ह्यातलं हिवरेबाजार पुण्याहून कितीतरी कोरडं. तिथे गावानं शेतीसाठी बोअर मारायचा नाही असं ठरवलं. पाऊस मोजायचा, ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडायचा आणि मग कुठलं पीक घ्यायचं ते ठरवायचं. एका गावाला जमलं म्हणून महानगराला जसंच्या तसं जमेल असं मी म्हणत नाही. पण मोजणं तर जमेल! पुण्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं मुख्यालय आहे, भूजलावर काम करणारी अक्वाडॅमसारखी संस्था आहे, भूशास्त्र शिकवणारी महाविद्यालयं आहेत. देशात भूजल कळणारी माणसं एवढ्या संख्येनं दुसऱ्या कुठल्या शहरात असतील? त्यांनी काढलेले जलधरांचे नकाशे विकास आराखड्याच्या टेबलावर, रस्त्यांच्या आणि एफएसआयच्या, म्हणजे कुठे किती बांधता येईल त्याच्या, नकाशाशेजारी का नसावेत? टेकडीचा कुठला उतार पाणी पितो हे आधी बघावं, मग तिथे किती काँक्रीट ओतायचं ते ठरवावं. तळघराची परवानगी देताना एवढं तरी विचारावं: खड्ड्यात किती पाणी लागलं, रोज किती उपसणार, आणि ते कुठे सोडणार?

(दृश्य: पुन्हा तोच खड्डा. संध्याकाळ.)

इमारत पुरी झाली, लोक राहायला आले, तरी इथलं पाणी थांबत नाही. अशा तळघरांच्या कोपऱ्यात खळगा ठेवलेला असतो आणि त्यात पंप. तो वर्षानुवर्षं चालतो. हेच पाणी तपासून निदान फ्लशला आणि बागेला वापरलं, तर तेवढे टँकर कमी होतील. त्यासाठी पाइपची दिशा बदलायची आहे, गटाराऐवजी टाकीकडे.

(दृश्य: खड्ड्याच्या काठावर बसलेला पंपवाला.)

हा माणूस गेले सात महिने इथला पंप सांभाळतोय. टेकडीवर मोठा पाऊस झाला की किती दिवसांनी खड्ड्यातलं पाणी चढतं, हे त्याला अंदाजानं माहीत आहे. दिवाळीनंतर कुठल्या भिंतीची धार आधी मंदावली आणि कुठली मार्चपर्यंत टिकली, तेही. या टेकडीखालच्या पाण्याकडे रोज लक्ष देणारा या रस्त्यावर तो एकटाच आहे.

फाटकावरच्या वॉचमनकडे टँकरची वही आहे. याच्याकडे वही नाही. याला अजून कुणी काही विचारलेलंच नाही.

(दृश्य: तो उठतो, पंप सुरू करतो. पाइप फुगतो. पाण्याचा आवाज.)